नवीकरणीय वाटा निम्मा, पाचवा हिस्सा की एक तृतीयांश? भारताचे तीन आकडे कसे वाचायचे

प्रश्न नववी-दहावीला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. थोडक्यात असा: "जुलै 2025 मध्ये बातमी आली की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा, तेल, गॅस यांच्याबाहेरची झाली. दुसरीकडे वाचलं की आपली जवळजवळ तीन चतुर्थांश वीज अजून औष्णिकच आहे. आणि एका आंतरराष्ट्रीय तक्त्यात तर 1990 पासून भारताचा नवीकरणीय ऊर्जेचा वाटा घटत आलेला दिसतो. मुलं विचारतात, वाटा वाढतोय की घटतोय? मी काय सांगू?"

बाई, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही एकाच वेळी खऱ्या आहेत. मी चौतीस वर्षं विजेच्या कामात काढली, त्यातली बरीचशी भार प्रेषण केंद्रात. राज्याची मागणी आणि निर्मिती मिनिटामिनिटाला जुळवायची, हे तिथलं काम. त्या खुर्चीत बसल्यावर एक सवय लागते: कुणी "वाटा" म्हटलं की आधी विचारायचं, कशाचा आणि कशातला? अंश कोणता, छेद कोणता? तुमच्या मुलांना अपूर्णांक येतात, तेव्हा त्यांना हे समजायला काहीच अवघड नाही.

पहिला आकडा घेऊ. 30 जून 2025 ला देशाची स्थापित क्षमता सुमारे 485 गिगावॅट होती आणि त्यातली सुमारे 243 गिगावॅट बिगर-जीवाश्म होती. त्यात अणुवीजही धरलेली आहे, साधारण 9 गिगावॅट. ती काढली तर सूर्य, वारा, पाणी, चिपाड वगैरे मिळून 48 टक्के. अणुवीज धरून 2030 साठी ठरवलेलं 50 टक्क्यांचं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं, आणि हे काम खरोखर मोठं आहे. 2014 साली देशात सौरऊर्जा तीन गिगावॅटसुद्धा नव्हती. मार्च 2025 मध्ये ती 105 गिगावॅटच्या पुढे गेली. 2010 च्या शेवटी सौर विजेच्या निविदा युनिटला सरासरी 12 रुपयांच्या आसपास उघडल्या, तेव्हा आमच्यातले जुने अभियंते म्हणायचे की हे खेळणं आहे. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भडलाला 2 रुपये 44 पैशांचा दर आला, आणि ते बोलणं कायमचं थांबलं.

पण स्थापित क्षमता म्हणजे काय? सातबाऱ्यावरचं क्षेत्र. दहा एकर कोरडवाहू आणि दहा एकर बागायत सातबाऱ्यावर सारखंच दिसतं, खळ्यावर पोती मोजली की फरक कळतो. विजेची पोती म्हणजे युनिट. एक मेगावॅटचा संच वर्षाचे 8,760 तास अखंड पूर्ण भाराने चालला तर 87.6 लाख युनिट देईल. प्रत्यक्षात तसा कुणीच चालत नाही. सौर प्रकल्पाला रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन असतं. वीस टक्के धरले तर हाती येतात 17-18 लाख युनिट. 2023-24 मध्ये देशातले औष्णिक संच सरासरी 69 टक्के भाराने चालले, म्हणजे मेगावॅटमागे सुमारे 60 लाख युनिट. सौरचा एक मेगावॅट कोळशाच्या एका मेगावॅटच्या एक तृतीयांशसुद्धा पिकत नाही. हा सौरऊर्जेचा दोष मानू नका, तो तिचा स्वभाव आहे. मात्र सातबाऱ्यावर निम्मा असलेला वाटा खळ्यावर पाचव्या हिश्शाच्या आसपास का येतो, त्याचं उत्तर इथे आहे. 2024-25 मध्ये देशात सुमारे 1,830 अब्ज युनिट तयार झाले. त्यातले मोठ्या धरणांसह सगळे नवीकरणीय मिळून 404 अब्ज, म्हणजे 22 टक्के. औष्णिक वाटा 74-75 टक्के. तुमच्या दुसऱ्या बातमीचा उगम हा.

क्षमता आणि युनिट यांतला फरक नुसता वर्गात शिकवण्याचा नाही, त्यावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे झाले आहेत. साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तो काळ मला चांगला आठवतो. तेव्हा पवनचक्कीच्या किमतीवर वेगवान घसारा मिळायचा, म्हणजे नफ्यात असलेल्या कंपनीने पवनचक्की घेतली की पहिल्याच वर्षी आयकरात मोठी सूट. ही सूट मेगावॅट उभे करण्याला होती, युनिट काढण्याला नव्हती. साहजिकच मार्चअखेरीला चक्क्या उभारायची घाई असायची. पुढे पाती फिरतात की नाही, गिअरबॉक्स बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होतो, याची काळजी घेणारे मालक होते तसे न घेणारेही होते. डिसेंबर 2009 मध्ये केंद्राने युनिटमागे 50 पैसे देणारी योजना आणली तेव्हा पहिल्यांदा खळ्यावरच्या पोत्याला किंमत आली. मला तो बदल फार महत्त्वाचा वाटतो. जे मोजाल तेच लोक वाढवतात, आणि आपण बराच काळ चुकीची गोष्ट मोजत होतो.

आता "वाढतोय की घटतोय" याकडे. गेल्या दहा वर्षांपुरतं बोलायचं तर वाढतोय, पण वाटतं तितक्या सरळ रेषेत नाही. 2014-15 मध्ये विजेतला नवीकरणीय वाटा सुमारे 17 टक्के होता. 2022-23 मध्ये तो साडेबावीसवर गेला. पुढच्याच वर्षी, 2023-24 मध्ये, पावणेएकवीसच्या खाली आला. त्या वर्षी सौर प्रकल्प बंद पडले का? उलट नवे उभे राहिले. सूर्य-वारा-चिपाडाची वीज 204 अब्ज युनिटवरून 226 अब्जांवर गेली. मग वाटा का घसरला? पावसाने दगा दिला. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. धरणं भरली नाहीत, आणि जलविद्युत 162 अब्ज युनिटवरून 134 अब्जांवर आली. दुसरीकडे पाऊस नाही म्हणून विहिरीवरचे पंप चालू, उकाड्याने पंखे-एसी चालू, म्हणजे छेद फुगला. अंश घटला आणि छेद वाढला. मुलांना हे एक उदाहरण द्याच. एका वर्षाच्या आकड्यावरून धोरण यशस्वी झालं किंवा फसलं असं कुणी म्हणालं, तर आधी त्या वर्षीचा पाऊस बघावा.

या दहा वर्षांतलं आणखी एक गणित मी नेहमी मांडतो. 2014-15 ते 2024-25 या काळात देशाची वीजनिर्मिती सुमारे 720 अब्ज युनिटनी वाढली. त्यातले 213 अब्ज नवीकरणीय स्रोतांनी दिले. म्हणजे प्रत्येक नव्या दहा युनिटांतले तीन. उरलेल्या सातांतले बहुतेक सगळे कोळशाचे. आपण कोळसा काढून त्याजागी सूर्य बसवला, असं चित्र डोळ्यांपुढे असेल तर ते बरोबर नाही. आतापर्यंत कोळसाही वाढला आणि सूर्यही वाढला. वाढीचा मोठा हिस्सा सूर्य-वारा-पाण्याकडे जाईल त्या दिवसापासून कोळशाचा वाटा खऱ्या अर्थाने उतरू लागेल.

याच्या मागे गेलं की गोष्ट उलटी होते, आणि पाठ्यपुस्तकात ती सहसा येत नाही. आपला देश विजेच्या बाबतीत एके काळी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक नवीकरणीय होता. टाटांचं खोपोलीचं केंद्र 1915 चं, भिवपुरी 1922 चं, भिरा 1927 चं. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी अडवायचं, नळातून कोकणच्या बाजूला सोडायचं आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. धुराड्यांची मुंबई म्हणतो आपण, पण तिच्या कितीतरी गिरण्यांचे माग घाटावरच्या पावसावर फिरत होते. 1947 मध्ये देशाची एकूण क्षमता 1,362 मेगावॅट होती, त्यातली 508 पाण्याची. 1962 मध्ये कोयनेचा पहिला संच सुरू झाला. त्याच सुमारास देशाच्या क्षमतेत जलविद्युत निम्म्यावर आली होती. युनिटांत बघायचं तर 1960-61 मध्ये पाण्याचा वाटा सुमारे 46 टक्के, 1970-71 मध्ये 45, 1980-81 मध्ये 42. मग कडा तुटल्यासारखा उतार: 1990-91 मध्ये 27, 2000-01 मध्ये 15. 2024-25 मध्ये फक्त मोठ्या जलविद्युतचा वाटा 8 टक्क्यांच्या आसपास होता.

हा उतार धरणं आटल्यामुळे आला नाही. 1960-61 ते 1990-91 या तीस वर्षांत पाण्याची वीज 7.8 अब्ज युनिटवरून 71.6 अब्जांवर गेली, नऊपटीहून जास्त. पण एकूण वीज सतरा अब्जांवरून 264 अब्जांवर गेली, पंधरापटीहून जास्त. खेडोपाडी तारा पोचल्या, विहिरींवर पंप बसले, कारखाने आले. ही भूक भागवायला धरणं पुरी पडेनात. चांगल्या जागा मोजक्या, बांधायला दहा-पंधरा वर्षं, राज्याराज्यांत पाण्याचे तंटे, आणि ज्यांची गावं बुडायची त्यांचं दुःख वेगळंच. कोयनेचंच बघा. धरणाची साठवण 105 टीएमसी, पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. संच किती का बसवा, वर्षाचे युनिट त्या पाण्याने बांधलेले. कोळशाला अशी मर्यादा नव्हती. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ आलं, आपल्याकडे कोराडी आणि मग चंद्रपूर उभं राहिलं. चार-पाच वर्षांत संच उभा करायचा आणि वर्षभर चालवायचा. तेव्हाच्या लोकांना दोष देता येत नाही. आठ-आठ तास भारनियमन सोसणाऱ्या माणसाला नवीकरणीय वाट्याची टक्केवारी सांगून काय उपयोग होता?

इथे शब्दांचा एक घोळ आहे, तो वर्गात जरूर सोडवा. आपल्या जुन्या पुस्तकांत "पारंपरिक" आणि "अपारंपरिक" अशी विभागणी असे. धरणाची वीज पारंपरिकमध्ये, कोळशाच्या शेजारी. "नवीकरणीय" हा शब्द वेगळा प्रश्न विचारतो: हा स्रोत निसर्गात पुन्हा भरून येतो का? त्या हिशेबाने कोयना पहिल्या दिवसापासून नवीकरणीय. पण सरकारी तक्त्यांत 25 मेगावॅटपर्यंतचे छोटे जलप्रकल्पच नवीकरणीय धरले जात. मार्च 2019 मध्ये मोठे जलप्रकल्पही त्यात आले. धरण तेच, पाणी तेच, टर्बाइन तेच, आणि कागदावर नवीकरणीय क्षमतेत 45 गिगावॅटची भर पडली. म्हणून जुन्या आणि नव्या तक्त्यांची तुलना करताना मोठी धरणं आत आहेत की बाहेर, हे आधी पाहावं. अनेक भांडणं एवढ्याने मिटतात.

आता तिसरा आकडा, सगळ्यात चक्रावणारा. जागतिक बँकेच्या तक्त्यात भारताच्या एकूण अंतिम ऊर्जावापरात, म्हणजे घरं, गाड्या, कारखाने प्रत्यक्ष वापरतात त्या वीज-इंधन-सरपण अशा सगळ्या ऊर्जेत, नवीकरणीय वाटा 1990 मध्ये निम्म्याहून जास्त होता, आता तो साधारण एक तृतीयांश आहे. 1990 मध्ये कुठले सौर पॅनल होते? नव्हतेच. तो निम्मा वाटा म्हणजे लाकूडफाटा, गोवऱ्या आणि काटक्या.

माझं गाव साताऱ्याच्या डोंगरातली एक वाडी. आई पहाटे उठून चूल पेटवायची. पावसाळ्यात सरपण ओलं, ते धुमसायचं, पेटायचं नाही. फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे, आणि धूर कौलांखाली असा दाटायचा की आम्ही पोरं जमिनीला टेकून बसायचो, कारण खाली जरा श्वास घेता यायचा. दुपारी ती आणि शेजारच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायच्या. चाळिशीत तिला दम लागायला लागला. त्या चुलीत जळणारी प्रत्येक काडी आंतरराष्ट्रीय हिशेबात नवीकरणीय ऊर्जा आहे, कारण झाड पुन्हा वाढतं. गॅसचं सिलिंडर आलं तेव्हा आमच्या घराचा नवीकरणीय वाटा धाडकन खाली आला, आणि आईचा खोकला कमी झाला. असं देशभरात कोट्यवधी घरांत घडलं. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आल्यावर त्याला वेग आला. त्या तक्त्यातली घट पाहून कुणी "भारत मागे गेला" म्हणाला तर मला ते सहन होत नाही. त्या घटीचा एक भाग म्हणजे बायकांच्या छातीतून बाहेर पडलेला धूर आहे.

दुसरा भाग मात्र आनंदाचा नाही. छेदात डिझेलचे ट्रक आले, मोटारसायकली आल्या, सिमेंट-पोलादाच्या भट्ट्या आल्या. आपल्या अंतिम ऊर्जावापरात वीज म्हणजे साधारण पाचवा हिस्सा. बाकी सगळं थेट जळणारं इंधन. विजेतले 22 टक्के नवीकरणीय धरले तर एकूण ऊर्जेत ते भरतात शंभरातले जेमतेम साडेचार. गाड्या, स्वयंपाक, कारखान्यातली उष्णता ही विजेवर येत नाही तोवर कितीही सौर पॅनल लावले तरी मोठ्या छेदाला हात लागत नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत आलेलं इथेनॉल हा त्या बाजूचा एक प्रयत्न आहे, पण त्यातल्या उसाच्या पाण्याचा हिशेब मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

एकूण ऊर्जेचा हिशेब करताना आणखी एक बारकावा येतो. एक युनिट वीज म्हणजे 860 किलोकॅलरी. पण तेच युनिट कोळशातून काढायला 2,400 च्या आसपास किलोकॅलरी जाळाव्या लागतात, उरलेली उष्णता कूलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून निघून जाते. काही तक्ते कोळशाची पूर्ण 2,400 मोजतात आणि पाण्याची-सूर्याची फक्त 860. काही तक्ते सूर्याच्या युनिटलाही तेवढ्याच कोळशाचं श्रेय देतात. पहिल्या पद्धतीत नवीकरणीय वाटा लहान दिसतो, दुसऱ्यात जवळपास अडीच-तीनपट. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, फक्त एकीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवू नये. शिवाय छतावरचं सौर पॅनल घरातच जी वीज खर्च करतं ती निर्मितीच्या तक्त्यात बहुधा येतच नाही. आम्हाला ती दिसायची फक्त दुपारच्या मागणीत पडलेल्या खड्ड्यासारखी.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुळात एवढं लिहायला बसलो. वार्षिक वाटा काढताना वर्ष सपाट होतं. खुर्चीत बसणाऱ्याला वर्ष कधी सपाट दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर वारा इतका लागतो की पवनचक्क्या रात्री दोनलाही पूर्ण जोरात. त्याच वेळी धरणं भरत असतात आणि पावसामुळे शेतीपंप बंद. तेव्हा औष्णिक संचांना भार उतरवायला सांगावं लागतं. ऑक्टोबर उजाडला की वारा पडतो, ऊन तापतं, रब्बीचे पंप सुरू होतात, आणि त्याच कोळशाच्या संचांकडे हात पसरावे लागतात.

दिवसाचंही तसंच. शेवटच्या काही वर्षांत संध्याकाळची पाळी बदलून गेली होती. साडेचारला पडद्यावर सौरची रेषा वाकू लागते. साडेपाचला ती घसरणीला लागते. सातपर्यंत शून्य. आणि बरोबर याच वेळेला शहरांत लोक घरी येतात, दिवे, टीव्ही, एसी लागतात. एक बाजू खाली येते, दुसरी वर जाते, आणि मधलं अंतर दर मिनिटाला कुठून तरी भरावं लागतं, नाहीतर फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून खाली सरकू लागते. कोळशाचा संच बैलगाडीसारखा, हळूहळू वेग घेतो. अशा वेळी फोन जायचा तो कोयनेला. पोफळीच्या भूमिगत केंद्रात पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून पाणी सुटतं आणि थांबलेला संच काही मिनिटांत भार घेतो. रेषा सावरताना पाहिली की खुर्चीतला माणूस पाणी पितो.

याची सगळ्यात मोठी परीक्षा 5 एप्रिल 2020 च्या रात्री झाली. नऊ वाजता नऊ मिनिटं देशाने दिवे मालवले. अंदाज बारा-चौदा हजार मेगावॅटचा होता, मागणी खाली आली 31,089 मेगावॅटने, आणि लगेच पुन्हा वर चढली. त्यातला निम्म्याहून जास्त भार देशभरच्या जलविद्युत संचांनी उतरवला आणि परत उचलला. वार्षिक तक्त्यात जलविद्युतच्या त्या युनिटांची किंमत इतर कुठल्याही युनिटाएवढीच. पण त्या नऊ मिनिटांत देशाचं ग्रिड त्यांच्यावर टांगलेलं होतं.

म्हणून पुढचा प्रश्न टक्केवारीचा राहिलेला नाही, संध्याकाळचा आहे. दुपारचं ऊन संध्याकाळी सातला नेता आलं पाहिजे. बॅटऱ्या येताहेत. पण आपल्या सह्याद्रीकडे त्याचं जुनं उत्तर आहे, उदंचन जलविद्युत: स्वस्त विजेच्या वेळी खालचं पाणी वरच्या तलावात चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. भिऱ्याला असा 150 मेगावॅटचा संच आहे, घाटघरला 250 मेगावॅटचा प्रकल्प आहे. असे आणखी बरेच प्रकल्प घाटमाथ्यावर येऊ घातले आहेत. त्यासाठी कोणाची जमीन आणि कोणतं जंगल जातं हे बघून, पण झाले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा उपाय मागणीच उन्हाकडे सरकवण्याचा, आणि तो महाराष्ट्रात 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून चालू आहे. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, दिवसा. माझा चुलतभाऊ वर्षानुवर्षं रात्री बारानंतरच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जायचा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि बांधावर घोणस असेल का बिबट्या असेल हे मनात. पाण्याला भर थंडीत उभं राहून त्याचे गुडघे गेले. आता त्याच्या फीडरला सकाळी नऊला वीज येते. दुपारी ऊन फुकट असताना ते युनिट वापरलं गेलं, तर संध्याकाळी तेवढी ओढ कमी. एकाच कामात ग्रिडचंही भलं आणि माणसाचंही, असं फार कमी वेळा होतं.

तर फळ्यावर काय काढाल? एकच रेषा काढू नका, तीन काढा. पहिली क्षमतेची: 1963 च्या सुमारास निम्म्यावर, मग खाली, आणि 2025 मध्ये पुन्हा निम्म्यावर. दुसरी युनिटांची: 1960 च्या दशकात पंचेचाळीसच्या आसपास, 2014-15 मध्ये सतरा, 2024-25 मध्ये बावीस. तिसरी एकूण ऊर्जेची: 1990 मध्ये निम्म्याच्या वर, आज एक तृतीयांश, आणि तिच्या पोटात चुलीचा धूर. पहिली रेषा सातबारा, दुसरी खळं, तिसरी अख्खं घर. नवा आकडा जाहीर झाला की मुलांनी त्याला या तिघींपैकी कुठल्या रेषेवर ठेवायचं ते सांगावं, तेवढं जमलं तरी पुष्कळ. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याला क्षमता आणि निर्मिती वेगवेगळी जाहीर करतं, तिथले निर्मितीचे रकाने घ्या.

घरचा अभ्यासही देता येईल. मुलांनी नाव न लिहिता चिठ्ठीवर आणावं: महिन्याचे विजेचे युनिट, सिलिंडर किती दिवस पुरलं, गाडीत किती लिटर पेट्रोल, चुलीत साधारण किती किलो सरपण. ठोकळ हिशेबाने 14.2 किलोचं सिलिंडर म्हणजे 180 युनिट, लिटरभर पेट्रोल 9, किलोभर वाळलं लाकूड 4. विजेतले पाचात एक युनिट आणि सरपणाचे सगळे नवीकरणीय धरून प्रत्येक चिठ्ठीचा वाटा काढा. सर्वांत मोठा आकडा येईल तो ज्या घरात अजून चूल पेटते त्या घराचा. त्या चिठ्ठीपाशी थांबा आणि मुलांना विचारा, या घराचा आकडा वाढावा की घटावा? तो तास मग पुस्तकाबाहेर जाईल, जाऊ द्या.